रेडिएटरमध्ये हळद, इंजिनात कॉफी

आधीच सांगून टाकतो, रेडिएटरमध्ये हळद टाकणारा माणूस मीच. दोन मोठे चमचे, घरच्या डब्यातली, बायकोला न विचारता. आमच्या शेजारी एक काका राहतात, त्यांच्याकडे पूर्वी ॲम्बेसेडर होती आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही गाडीच्या कुठल्याही आजारावर त्यांच्याकडे औषध असतंच, ते म्हणाले अरे पाणी कमी होऊन राहिलं ना, बारीक लीक असंल कुठंतरी, हळद टाक, ती त्या भोकात जाऊन बसते आन फुगते, लीक बंद. आता हे सगळं खोटं आहे असंही नाही, जुने ड्रायव्हर लोक करायचे, रस्त्यात अडकल्यावर गॅरेजपर्यंत पोचायला जमून जातं. पण माझं पाणी रेडिएटरमधून बाहेर जातच नव्हतं. ते इंजिनात जात होतं. तिथला पत्ता हळदीला कुठून सापडणार.

गाडी म्हणजे मारुती ८००, २००४ ची, पांढरी, एमएच ३१, बाबांनी घेतलेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चार गियर, मीटरवर १ लाख ८६ हजार किलोमीटर. १५ वर्षं झाल्यावर री-पासिंग केलं, मग पाच वर्षांनी परत केलं. बाबा आता चालवत नाहीत, पण गाडी धुतली की नाही ते गच्चीवरून बघतात.

तर झालं असं की मार्चपासून पाणी कमी व्हायला लागलं. आधी पंधरा दिवसातून एकदा बाटलीभर, मग आठवड्यातून एकदा, मे महिन्यात दर दोन दिवसांनी. मी काय केलं, तर एक दोन लिटरची बाटली कायमची मागच्या सीटखाली ठेवून दिली. झाला इलाज! आणि पाणी कोणतं, तर अंगणातल्या बोअरचं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याला काय खार असतो ते कूलरच्या ताट्यांना विचारा, एप्रिलमध्ये नव्या लावल्या की जूनपर्यंत त्यांच्यावर पांढरी पापडी धरते, हात लावला की चुरा पडतो. तेच पाणी मी चार वर्षं रेडिएटरच्या त्या बोटाएवढ्यासुद्धा नसलेल्या नळ्यांमध्ये ओतून राहिलो होतो, आणि तिथं पापडी धरत असेल हे डोक्यातच आलं नाही. कूलंट कशाला पाहिजे, ते थंड देशातल्या लोकांसाठी असतं, पाणी गोठू नये म्हणून, असा माझा ठाम समज. कूलंटमुळे गंज धरत नाही, खार बसत नाही, उकळायचं टेंपरेचर वर जातं, हे सगळं मला नंतर पैसे भरून कळलं.

गाडीनं सांगितलं नाही असं नाही. सकाळी चालू केली की पहिले पाच-दहा सेकंद इंजिन थरथरायचं, जणू एक सिलिंडर झोपेतून उठलाच नाही, मग ठीक. मी म्हटलं प्लग खराब झाला असेल. रात्रभर उभी गाडी, सकाळी बोनेट उघडून वरचा होज पाइप दाबला तर आत प्रेशर, थंड इंजिनात प्रेशर कुठून आलं हा प्रश्न पाचवीतल्या पोट्ट्याला पडला असता, मला नाही पडला. सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा, पण मे महिन्यात. थंडीत आला असता तर समजू शकतो, नागपुरात मे महिन्यात सकाळी सात वाजता वाफ दिसायचं काय कारण? कूलंट असतं तर त्या धुराला गोडसर वास तरी आला असता म्हणे, आणि काहीतरी शंका आली असती. माझ्या गाडीत कूलंट होतंच कुठं.

मग आलं वर्ध्याचं लग्न. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, पेपरात ४५ च्या वरचा आकडा, आणि आम्ही तिघं, मी, बायको, आई, दुपारी तीनला वर्ध्याहून परत निघालो. वर्धा ते नागपूर साधारण ७५ किलोमीटर. केळझर मागे गेलं आणि एसीची हवा गरम यायला लागली, टेंपरेचरच्या काट्याकडे बघितलं तर अर्ध्याच्या बराच वर. एसी बंद केला, काच खाली केली, आत आली ती लू. मग मला आठवलं की इंजिन तापलं तर हीटर लावायचा, म्हणजे इंजिनची गरमी गाडीत येते आणि इंजिन जरा हलकं होतं. ट्रिक खरी आहे. पण ४५ डिग्रीत, लग्नाची साडी नेसलेली आई मागे बसलेली असताना हीटर लावायचा म्हणजे काय ते मी इथं लिहू शकत नाही.

काटा लाल पट्टीत गेला तेव्हा थांबायला पाहिजे होतं. हे मी स्वतःलाच सांगून राहिलो आहे, तुम्हाला नाही. पण आजूबाजूला एक झाड नाही, बुटीबोरी चार-पाच किलोमीटरवर, म्हटलं तेवढं जाऊन जाऊ. त्या चार-पाच किलोमीटरनी माझं सगळं काम केलं. बुटीबोरीच्या अलीकडे एका टपरीसमोर गाडी बंद पडली, बोनेटमधून वाफ, मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघालो तर टपरीवाला ओरडला, "अबे भाऊ, तोंड भाजून घेतो का? बस इथं, च्या पी." त्यानं तेव्हा माझा चेहरा वाचवला. झाकण बंद असतं तेव्हा आतलं पाणी प्रेशरमध्ये असतं, शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण ढिलं केलं की एका क्षणात सगळं वाफ होऊन अंगावर येतं.

पाऊण तास थांबलो. पाणी टाकलं, चालू केली, तर इंजिन दोन सिलिंडरवर छक-छक-छक आणि मागे एवढा पांढरा ढग की रस्त्यावरचा बाइकवाला वळसा घेऊन गेला. टपरीवाला म्हणाला, "भाऊ, गाडी हुक्का पिऊन रायली."

आई आणि बायकोला एसटीत बसवलं. आई चढता चढता एवढंच बोलली, "तुझ्या बाबानं वीस वर्षांत एकदाही रस्त्यावर नाही उतरवलं मला." गाडी छोट्या हत्तीला, म्हणजे त्या छोट्या टेम्पोला, दोर बांधून मानेवाडा रिंग रोडपर्यंत आणली, १,५०० रुपये, आणि दोरावर बांधलेली गाडी ब्रेक बूस्टर बंद असताना चिंचभवनच्या ट्रॅफिकमधून चालवणं हा एक वेगळाच अनुभव आहे, त्यावर कधीतरी.

आमचे मिस्त्री रिंग रोडच्या आतल्या बाजूला कडुलिंबाखाली बसतात. साठीचे आहेत, बोर्ड वगैरे नाही, एक टिनाचं शेड, एक चेला. त्यांनी गाडी चालू न करताच आधी ऑइलचं झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. झाकणाच्या आतून फेसाळ कॉफी लागलेली, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. डिपस्टिक काढली, तिच्यावर पण तेच, वर ऑइलची लेव्हल एक बोट जास्त.

"किती दिवसापासून पाणी पिऊन रायली?"

"मार्चपासून."

"आन तुमी पाजून रायले." एवढं बोलून ते हात पुसायला गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून पाणी काठोकाठ भरलं आणि चेल्याला सेल्फ मारायला लावलं. प्रत्येक फेऱ्याला पाण्यात बुडबुडा, बुड-बुड, बुड-बुड, जसं काही खाली कोणी पाइपनं फुंकून राहिलं. त्यानंतर तीनही प्लग काढून कंप्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावला. एक नंबर १६५, दोन नंबर ७०, तीन नंबर ८५. दोन नंबरच्या प्लगवर चक्क पाण्याचे थेंब. मिस्त्री म्हणाले, दोन शेजारी-शेजारी खाली आले ना, म्हणजे मधली भिंत गेली. गॅस्केट उडालं.

गॅस्केट म्हणजे काय ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं, तर लिहूनच टाकतो. इंजिनचे दोन मुख्य तुकडे, खाली ब्लॉक ज्यात पिस्टन वर-खाली होतात आणि वर हेड ज्यात वॉल्व्ह असतात. दोघांच्या मध्ये पत्र्यासारखं एक पातळ पान, तेच हेड गॅस्केट. त्या पानाला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला पेटलेला गॅस, त्याच्या भोवती फिरणारं पाणी, आणि हेडकडे जाणारं ऑइल. एका घरात तीन भांडणारे भाऊ आणि मध्ये एक पडदा, असं समजा. ८०० चा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. रोजच्या टेंपरेचरला गॅस्केट ते सांभाळून घेतं, पण लाल काट्यावर पाच किलोमीटर चालवलं की हेड पार वाकतं, पडदा फाटतो, आणि तिघं भाऊ एका खोलीत येतात.

आता प्रश्न आला करायचं का. एकानं गाडी बघून भंगारात २४ हजार सांगितले होते, मिस्त्रींचा अंदाज १२ ते १५ हजार, तोही हेडला तडा गेला नसेल तरच. तडा असेल तर सेकंडहँड हेड शोधायचं, मग पुढचं देव जाणे. बायकोनं सरळ हिशोब मांडला, २४ हजाराच्या गाडीत १५ हजार घालायचे का? हिशोब बरोबरच होता. मी उलटा हिशोब मांडला की १५ हजारात दुसरी चालती गाडी कोणती मिळते ते सांग. त्यावर ती म्हणाली की पाणी मार्चमध्येच दाखवलं असतं तर? यावर माझ्याकडे हिशोब नव्हता. बाबा गच्चीवरून काही बोलले नाहीत, संध्याकाळी खाली आले आणि टेबलावर पाच हजार ठेवून पेपर वाचत बसले. ठरलं.

मी दोन दिवस सुट्टी टाकून गॅरेजमध्येच बसलो. मिस्त्रींना कोणी डोक्यावर बसलेलं आवडत नाही, पण चेला गावी जाणार होता म्हणून मला पाना द्यायचं काम मिळालं. बॅटरी काढली, पाणी सोडलं, ऑइल सोडलं. ऑइल चार दिवस उभं राहिल्यामुळे आधी नुसतं पाणी आलं, ग्लासभर तरी, मग राखाडी घट्ट पाक. मग एअर फिल्टरचा डबा, वायरिंगचे सॉकेट, इनटेक. प्रत्येक सॉकेट काढला की मिस्त्री माझ्याकडून त्यावर चुन्यानं नंबर टाकून घेत, आणि प्रत्येक जागचे बोल्ट वेगळ्या डबीत, खर्र्याच्या नाही, औषधाच्या रिकाम्या डब्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नटांना आदल्या रात्रीच डिझेल मारून ठेवलं होतं, तरी वीस वर्षांच्या गंजापुढे काय चालणार, शेवटचा नट फिरता फिरता स्टडच तुटला. मिस्त्रींनी तुटलेला तुकडा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "हा लेथवाल्याचा धंदा झाला." ४०० रुपये त्याचे.

टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा, काढायच्या आधी त्यांनी पुलीवरचे मार्क जुळवून घेतले, मला दाखवले, आणि मोबाइलमध्ये फोटो काढायला लावला. "माह्या डोक्यात आहे, पण तुमच्या फोनमध्ये पण असू द्या." मग हेडचे बोल्ट, आणि इथं ते एकदम हळू झाले. एक बोल्ट पूर्ण काढून मग दुसरा असं नाही. बाहेरच्या बाजूनं सुरू करून आत यायचं, प्रत्येकाला थोडा थोडा ढिला करत दोन-तीन फेऱ्या. नाहीतर एका बाजूचा ताण सुटतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो आणि वाकलेलं हेड अजून वाकतं.

हेड उचललं आणि खाली जे दिसलं ते मी विसरणार नाही. एक आणि तीन नंबरच्या पिस्टनवर काळा कार्बन, तव्याच्या बुडासारखा. दोन नंबरचा पिस्टन चकचकीत, जसा काही आत्ता दुकानातून आणला. वाफेनं धुऊन काढला होता! महिनोन्‌महिने तिथं पाणी जाऊन जाऊन तो नुसता स्टीम बाथ घेऊन राहिला होता. आणि गॅस्केट उलटं करून बघितलं तर दोन आणि तीनच्या मधली ती बारीक पट्टी जळून गेलेली, आणि दोन नंबरच्या कडेची रिंग पाण्याच्या भोकापर्यंत खाल्लेली. त्या भोकाच्या कडेला, काय सांगू, पिवळा थर. हळद.

मिस्त्रींनी नखानं खरवडून वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मी चहा सांगायला गेलो.

अजून एक गोष्ट निघाली. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नव्हता, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह. कधीतरी कोणी मिस्त्रीनं काढून फेकून दिला असणार, आपल्याकडे फॅशनच आहे ती, गरमीचा प्रदेश आहे, वॉल्व्ह कशाला पाहिजे, पाणी मोकळं फिरू द्या. आमच्या मिस्त्रींना हा विषय काढला की राग येतो. त्यांचं म्हणणं, तुमची गाडी इंजेक्शनवाली आहे, तिचा कंप्युटर इंजिन किती तापलं ते बघून पेट्रोल देतो, डिसेंबरच्या सकाळी इंजिन वेळेवर तापलंच नाही तर तो चोक ओढल्यासारखं पेट्रोल पाजत बसतो, आणि तुमी म्हणता ॲव्हरेज देत नाही. खरं सांगायचं तर मी हेच म्हणायचो.

हेड न्यायचं होतं कामठी रोडच्या पलीकडे लेथवाल्याकडे. मिस्त्रींनी ते पोत्यात गुंडाळून माझ्या स्कूटीच्या पायाजवळ ठेवलं आणि एकच सूचना दिली, खालची बाजू कशालाही लागू द्यायची नाही. मग मी मानेवाड्यातून बर्डी, एलआयसी चौक, तिथून तो नवा डबल डेकर पूल पकडून ऑटोमोटिव्ह चौकाकडे, दोन पायांच्या मध्ये इंजिनचं डोकं घेऊन. प्रत्येक गतिरोधकावर दोन्ही पायांनी ते दाबून धरायचो. सिग्नलवर एकानं विचारलं, "काका, बकऱ्याचं का?"

लेथवाल्यानं हेड उलटं ठेवलं, पुसलं, वर एक जाडजूड सरळ पट्टी ठेवली आणि मागे बॅटरी धरली. दोन आणि तीनच्या मध्ये पट्टीखालून उजेड. मग फिलर गेजची, म्हणजे बारीक फट मोजायची, पाती एकेक करून सरकवली. या हेडला ०.०५ मिलिमीटरपर्यंत वाक चालतो. माझं ०.१५ निघालं. कागदाच्या दीड पानाएवढं असेल, पण इंजिनला तेवढं म्हणजे दरवाजा उघडा. त्यानं आधी प्रेशर टेस्ट केली, पाण्याच्या वाटा रबर लावून बंद करायच्या, आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं, तडा असेल तर बुडबुडे येतात. त्या पाच मिनिटांत मी जेवढे देव आठवले त्यात टेकडीचा गणपती दोनदा आला. बुडबुडे नाही आले. मग फेसिंग, म्हणजे मशीनवर खालचा थर अगदी पातळ सोलून सपाट करणं. तो म्हणाला कमीत कमी काढतो, जास्त काढलं तर वरची जागा कमी होऊन कंप्रेशन वाढतं आणि मग चढावर गाडी टकटक वाजते. फेसिंग आणि टेस्टचे मिळून ९०० घेतले. परत येताना मी पोत्याखाली जुनी चादर घातली.

गॅस्केट घ्यायला गेलो तर दुकानदाराचे प्रश्न: कार्बोरेटर का एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली? सहा वॉल्व्ह का बारा? मी म्हटलं ८०० आहे भाऊ, एकच तर गाडी आहे. तो हसला. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी दिली तेव्हापासून २०१४ मध्ये बंद होईपर्यंत दिसायला एकसारखी असली तरी आतून बरेच बदल झाले म्हणे, चुकीचं गॅस्केट नेलं तर पाण्याची भोकं जुळत नाहीत. म्हणून जुनं जळालेलं गॅस्केट सोबत घेऊन जा. मी नेलं नव्हतं. मानेवाड्याला परत जाऊन घेऊन आलो, दुपारी दोन वाजता, मे महिन्यात, दुपट्टा बांधून.

दुसऱ्या दिवशी फिटिंग. मला वाटलं होतं हा पटापट व्हायचा भाग, पण मिस्त्रींनी अर्धा दिवस नुसती साफसफाई केली. ब्लॉकवर चिकटलेलं जुनं गॅस्केट हळूहळू खरवडायचं, पॉलिश पेपर अजिबात नाही, कारण त्याची रेती ऑइलमध्ये गेली की बेअरिंग खाते. मी बाजूला पडलेला पेपर उचलला होता, तो हातातून काढून घेतला. मग बोल्टच्या प्रत्येक भोकात हवा मारून पाणी-ऑइल बाहेर काढलं. हे कशाला विचारलं तर म्हणाले, भोकात तेल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर तेल जाणार कुठं? दबणार नाही. एकतर बोल्ट खोटा टाइट लागतो, नाहीतर ब्लॉक तडकतो. वॉल्व्ह पेस्ट लावून घासून झाले, सील नवीन टाकले, मग ब्लॉकवर गॅस्केट, नाव लिहिलेली बाजू वर. मी यूट्यूबवर बघून आलेलो, म्हटलं थोडं सिलिकॉन लावायचं का वरून? "पोळीला फेविकॉल लावता का?" विषय संपला.

आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळणारा पाना. मिस्त्रींकडे आहे, तेल लावलेल्या कापडात गुंडाळलेला, चेल्याला हात लावायची परवानगी नाही. काढताना बाहेरून आत, लावताना आतून बाहेर, मधल्या बोल्टपासून गोल गोल, आणि एकदम नाही, तीन फेऱ्यांत. कट असा आवाज आला की थांबायचं. बहुतेक ठिकाणी हे काम "हाताच्या अंदाजानं" होतं, आणि त्यांचा अंदाज चांगलाही असेल, पण सहा महिन्यांनी तेच गॅस्केट परत उडालेल्या दोन गाड्या मला त्या दोन दिवसांत त्याच शेडमध्ये बघायला मिळाल्या.

सगळं उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, होज पाइप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, हे सगळं नवीन. यात काटकसर करायची इच्छा मला झाली होती, खोटं कशाला बोलू. रेडिएटर मात्र वाचेल असं वाटलं होतं म्हणून रेडिएटरवाल्याकडे साफ करायला नेला. त्यानं वरून पाणी सोडलं, खालून करंगळीएवढी धार. निम्म्याच्या वर नळ्या बंद. मग एका नळीत तार घालून ओढली, तारेला पिवळट पांढरा गाळ. "भाऊ, याच्यात वरण शिजवलं होतं का?" नवा रेडिएटर घेतला, २,९००.

म्हणजे मूळ आजार इथं होता. गॅस्केट बिचारं शेवटी गेलं. बोअरच्या खारानं नळ्या बुजल्या, उरलेल्यांना मी हळदीनं लिंपलं, इंजिन थोडं थोडं जास्त तापत राहिलं, आणि सारखं तापल्यामुळे गॅस्केटनं आधी बारीकशी वाट दिली आणि नवतप्यात पूर्ण. नुसतं गॅस्केट बदलून गाडी घेऊन गेलो असतो तर परत उडालं असतं.

चालू करायची वेळ आली संध्याकाळी पाचला. कूलंट भरलं, आणि मिस्त्री म्हणाले आत बसा, हीटर फुल गरमवर करा. मी म्हटलं परत? तर हो, पाइपांमध्ये अडकलेली हवा बाहेर काढायची असते, हीटरची नळी बंद राहिली तर हवा तिथं बसून राहते आणि मग एका जागी पाणीच पोचत नाही. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, बुडबुडे येतात, लेव्हल खाली जाते, परत भरायचं, असं पंचवीस मिनिटं. मे महिन्याच्या संध्याकाळी, हीटर फुल, काचा उघड्या, मी स्टिअरिंगवर घाम गाळत बसलेलो, आणि आरशात बघतो तर मागे परत तोच पांढरा धूर! पोटात गोळा आला. १५ हजार गेले असं वाटलं. मिस्त्री शांतपणे बिडी पिऊन राहिले होते. "सायलेन्सरात पाणी साचलं ना दोन महिन्याचं, ते उडून जाऊ द्या." दहा-बारा मिनिटांनी खरंच धूर विरळ झाला आणि मग गेला. काटा अर्ध्याच्या खाली येऊन थांबला, रेडिएटरचा पंखा आपोआप चालू झाला, थोड्या वेळानं बंद झाला. त्या पंख्याचा आवाज मी एवढ्या लक्षपूर्वक आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

पहिलं ऑइल स्वस्तातलं टाकलं होतं, मुद्दाम. दोन दिवस गल्लीतल्या गल्लीत चालवून ते सोडून दिलं, त्यात अजूनही थोडी कॉफी होतीच, मग चांगलं ऑइल आणि दुसरा फिल्टर. एकूण बिल झालं १५,२५०, त्यात मिस्त्रींची मजुरी ४,०००. टोचनचे वेगळे. पाचशे किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनवर परत बोल्ट चेक करायला बोलावलं होतं, एक-दोन बोल्ट किंचित फिरले, बाकी जागेवर.

आता चार महिने झालेत. रोज सकाळी बोनेट उघडून कूलंटच्या बाटलीची लेव्हल बघतो, बायको म्हणते आईची शुगरसुद्धा एवढी नाही बघत. लेव्हल हललेली नाही. सीटखालची ती दोन लिटरची बाटली अजून आहे, पण आता तिच्यात प्यायचं पाणी असतं. मधे एकदा वर्ध्याला जाऊन आलो, आई मागे बसली होती, केळझर आलं की तिनं आपोआप पदर डोक्यावर घेतला. काटा हलला नाही.

शेजारच्या काकांना सगळं सांगितलं, नळीतून निघालेला पिवळा गाळ, रेडिएटरवाल्याचं वरण, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "आन तरी हेडला तडा नाही गेला ना? हळद होती म्हणून वाचलं ते."